गाडी बदलण्याचें गांव

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत पॅरिशचा इतिहास असावा, धर्मगुरूंचीं नांवें असावीं, देवालयाच्या पायाभरणीची हकीकत असावी, हें योग्यच आहे. तें काम इतर लेखक करितील. आम्ही येथें जें लिहिणार आहों तें कदाचित् कोणा वाचकास अशा पुस्तिकेस न शोभणारें वाटेल. कारण गोंदियाच्या स्टेशनासमोरील खाणावळी, चहाचीं दुकानें आणि छोट्या गाडीचा फलाट हा आमचा विषय आहे. यांपैकीं बहुतेक आतां राहिलेलें नाहीं. परंतु या गांवांत ख्रिस्ती मंडळी कशी जमली आणि कां पांगली, हें समजावयाचें असेल तर देवालयाच्या दारांतून निघून स्टेशनापर्यंत चालत गेलेंच पाहिजे.

गोंदियाला किल्ला नाहीं कीं राजवाडा नाहीं. जवळच नागरा येथें जुनें शिवमंदिर आहे, त्यावरून या मुलखांत वस्ती फार पूर्वींची हें दिसतें. परंतु शहर म्हणून जें गोंदिया आपण ओळखतों तें रेल्वेनें घडविलें. सन १८८०-८२ च्या सुमारास नागपुराहून राजनांदगांवपर्यंत मीटर गेजची नागपूर-छत्तीसगड रेल्वे झाली. सन १८८७ त बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि तिनें हा मार्ग आपल्याकडे घेऊन मोठ्या गेजाचा केला. त्याच १८८७ सालीं नागपूरचा धर्मप्रांत निर्माण झाला व त्याचे पहिले बिशप म्हणून अलेक्सिस रिकाझ यांची नेमणूक झाली. ते संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नांवें फ्रान्समधील आनसी येथें निघालेल्या मिशनरी संस्थेचे होते. एकाच वर्षीं कंपनी आणि धर्मप्रांत! आम्हांस हा योगायोग नेहमींच विलक्षण वाटत आला आहे. कारण पुढें कित्येक वर्षें असेंच चाललें कीं, जेथें कंपनीनें क्वार्टर्स बांधिले तेथें चार कॅथलिक कुटुंबें आलीं, आणि जेथें तीं आलीं तेथें महिन्या-दोन महिन्यांनीं एखादा पाद्री पेटी घेऊन गाडींतून उतरला.

सन १९०१ च्या खानेसुमारींत गोंदियाची वस्ती साडेचार हजारांच्या आसपास होती. म्हणजे तें एक बरेंसें खेडेंच. मग १९०३ ते १९०५ या वर्षांत गोंदियाहून बालाघाट, नैनपूर या मार्गानें जबलपूरपर्यंत अडीच फुटी गाडी सुरू झाली. १९०८ सालीं दुसरी तशीच गाडी दक्षिणेस सौंदड, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी करीत नागभीडला गेली आणि १९१३ त चांदा फोर्टला पोंचली. लोक तिला ‘छोटी लाईन’ म्हणत. खेड्याचें जंक्शन झालें तें असें.

आतां मोठ्या गाडीचे रूळ साडेपांच फूट रुंदीचे आणि छोटीचे अडीच फुटांचे. एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर जाऊं शकत नाहीं. म्हणून सातपुड्याचें लांकूड, बालाघाटाकडचें मॅंगनीज, झाडीपट्टीचें धान, बांबू, तेंदूपान, लाख, हिरडा, सर्व कांहीं गोंदियाला एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत भरावें लागे. माणसांचेंही तेंच. जबलपूरकडून येणाऱ्यास नागपूर गांठावयाचें असो कीं चांद्याकडच्यास कलकत्ता, त्यानें येथें उतरावें, ट्रंक डोक्यावर घ्यावी, पूल चढावा आणि बसून राहावें. छोटी गाडी उशिरां येई, हें सांगावयास नकोच. मोठी तिची वाट पाहत नसे. तेव्हां कधीं दोन तास, कधीं सबंध रात्र. या बसून राहण्यावर गोंदियाचें पोट चाले, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

कारण बसलेल्या माणसास भूक लागते. स्टेशनासमोरची जी लांबच लांब ओळ होती, तींत पहांटे चार वाजतां कढई तापलेली असे. पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री, वर कच्चा कांदा, आलुबोंडे, जिलबी, कपांतून बशींत ओतून प्यावयाचा चहा. दुपारीं खाणावळींत पानावर भात. आमच्या झाडीकडच्या माणसास पोळीनें जेवण झाल्यासारखें वाटतच नाहीं. आणि त्यांतून चिन्नोराचा भात असला तर त्याचा वास दारापर्यंत येई व गाडी चुकली तरी वाईट वाटत नसे. (बालाघाटच्या चिन्नोरास सन २०२१ त भौगोलिक मानांकन मिळालें, आमच्या खाणावळवाल्यांनीं तें फार आधीं देऊन ठेवलें होतें.) शुक्रवारीं मांस वर्ज्य, म्हणून आमचे गार्ड व फायरमन त्या दिवशीं ढिवरांनीं तलावांतून आणलेल्या माशांचें कालवण जेथें मिळे तेथें जात, नाहीं तर सरळ शाकाहारी खाणावळींत पाट घेत. वाढपी त्यांना न विचारतांच ‘आज शुक्रवार’ म्हणून ओळखी. त्या ओळींत मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगडी, तेलुगु आणि अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांचें इंग्रजी एकाच वेळीं ऐकूं येई.

आमच्या पॅरिशचा या कढयांशीं अधिक जवळचा संबंध होता, तो नव्या पिढीस सांगितल्यावांचून कळणार नाहीं. त्या काळीं कम्युनियन घेणाऱ्यानें मध्यरात्रीपासून अन्नाचा कण वा पाण्याचा थेंबही घ्यावयाचा नसे. रविवारचा मिस्सा सकाळींच असे. संध्याकाळचा मिस्सा ही गोष्ट ठाऊक नव्हती. रात्रपाळी करून, इंजिनाच्या धगींत आठ-दहा तास उभा राहून आलेला फायरमन तसाच, कोरड्या घशानें, हात-तोंड धुऊन देवालयांत येई आणि लॅटिनमधील मिस्सा गुडघे टेंकून ऐके. आमच्या वडील मंडळींनीं सांगितलें आहे कीं, कित्येक जण ड्यूटीवर असतांना मध्यरात्रीच्या ठोक्याआधीं घाईनें चहाचा शेवटचा घोट घेत आणि घड्याळाकडे पाहून कप खालीं ठेवीत. मिस्सा संपला कीं मंडळी बाहेर पडे ती थेट पोह्यांच्या दुकानीं. तेथें कोणाचें लग्न जमलें, कोणाची बदली बिलासपूरला झाली, कोणाच्या घरीं बारसें, हें सर्व कळे. पॅरिश-हॉल नव्हता तेव्हां तो बांकच आमचा पॅरिश-हॉल होता.

सन १९५३ त पोप पायस बारावे यांनीं हा नियम सैल केला आणि पाणी घेण्याची मोकळीक दिली. १९५७ त उपास तीन तासांवर आला, १९६४ त एका तासावर. संध्याकाळचा मिस्साही सुरू झाला. पाळीवर काम करणाऱ्यांस हें किती सोयीचें झालें तें सांगणें नलगे, आणि त्याविरुद्ध आमची तक्रार नाहीं. परंतु त्याबरोबर तो सामुदायिक नाश्ता हळूहळू मोडला, हेंही खरें. पोट भरून आलेला माणूस मिस्सा झाल्यावर घरीं जातो.

जुन्या दिवसांचें कौतुक करितांना कांहीं गोष्टी आपण सोयीनें विसरतों. आम्ही त्या विसरूं इच्छीत नाहीं. स्वातंत्र्यापूर्वीं हिंदुस्थानांतील स्टेशनांवर ‘हिंदु पाणी’ व ‘मुसलमान पाणी’ अशा पाट्या असत, आणि साहेबलोकांची खोली निराळी असे. आमच्या देशी ख्रिस्ती माणसानें कोणत्या घागरीखालीं ओंजळ धरावी, हें कोणत्याही पाटीवर लिहिलेलें नसे. कोटांतला असेल तर खानसामा त्यास आंत घेई, धोतरांतला असेल तर त्याला बाहेरचा रस्ता दाखवी; धर्म दोघांचा एकच. स्टेशनासमोरच्या ओळींतही कांहीं दुकानांत ठराविक जातींच्या लोकांसाठीं कप वेगळे, भिंतीच्या खुंटीला टांगलेले, आणि ते ज्याचे त्यानेंच विसळावयाचे. आमच्या पॅरिशमधील कांहीं घरांनीं ते कप विसळले आहेत. आणि धान्याचीं पोतीं एका डब्यांतून दुसऱ्यांत वाहणाऱ्या हमालांच्या पाठी आम्हीं पाहिल्या आहेत. गेज एक झाल्यानें त्या पाठी सुटल्या असतील तर छोटी लाईन गेली तें बरेंच झालें.

ती एकदम गेली नाहीं. चांदा फोर्टकडील मार्ग १९९९ पर्यंत मोठ्या गेजाचा झाला; त्याच वर्षीं १ मे रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा होऊन गोंदिया जिल्हाही झाला. बालाघाटचा मार्ग २००५-०६ च्या सुमारास बदलला. पुढें बालाघाट ते जबलपूर एवढा तुकडा सातपुडा एक्स्प्रेस घेऊन उरला, तोही २०१५ त बंद पडला, आणि २०२०-२१ पासून जबलपूरचा सबंध मार्ग मोठ्या गेजाचा झाला. कारभारही बदलत गेला: बंगाल-नागपूरचा १९५५ त दक्षिण-पूर्व रेल्वे, २००३ पासून दक्षिण-पूर्व-मध्य. आतां गाडी गोंदियाला थांबते आणि पुढें जाते. उतरून बसून राहण्याचें कारण उरलें नाहीं. स्टेशनासमोरच्या ओळींत आज मोबाइलचीं दुकानें व लॉज आहेत. पोहे अजून मिळतात, चांगलेही मिळतात. पण पहांटे चारला कढई चढविण्याची गरज कोणालाच नाहीं.

मंडळी पांगली तीही याच वाटेनें. अँग्लो-इंडियन कुटुंबें स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे गेलीं. इतर कित्येकांच्या बदल्या नागपूर-बिलासपूरकडे झाल्या आणि मुलें तिकडचींच झालीं. त्यांच्या जागीं शिक्षिका आल्या, परिचारिका आल्या, आसपासच्या खेड्यांतील कुटुंबें आलीं. आजची पॅरिश त्यांची आहे, आणि त्यांस रेलटोलीच्या जुन्या क्वार्टर्समधील माणसें केवळ नांवानेंही माहीत नाहींत. नागपुरास मोतीबागेजवळ २००२ पासून छोट्या गाडीचें संग्रहालय आहे; तेथें इंजिनें आहेत, डबे आहेत, घंटा आहे. परंतु इंजिन चालविणारा रविवारीं कोठें बसत असे, हें तेथें लिहिलेलें नाहीं.

तेव्हां ज्या कुटुंबांच्या घरीं स्टेशनासमोरच्या त्या ओळीचें एखादें छायाचित्र, जुना पास, ड्यूटीचें पत्रक, खाणावळीची महिन्याची वही किंवा नुसती तोंडी आठवण असेल, त्यांनीं ती पॅरिशच्या कचेरींत आणून द्यावी. मूळ वस्तु नक्कल करून परत केली जाईल. आठवण सांगणाराचें वय ऐंशीच्या पुढें असेल तर येण्याची तसदी घेऊं नये. निरोप पाठवावा, आम्हीच घरीं येऊं.