मोजलेले टाके

दुसुतीवर धागे मोजून फुलीचे टाके घालणें हा मुलींचा फावल्या वेळेचा उद्योग, अशी आमची समजूत असते. मेजर अॅलेक्सिस कॅस्डॅग्ली यांची हकीकत ऐकली म्हणजे ती टिकत नाहीं. १९४१ सालीं हे ब्रिटिश अधिकारी क्रीट बेटांत जर्मनांच्या हातीं सांपडले. बंदिवासांत एका सोबत्यानें त्यांस कापडाचा तुकडा दिला. दोरा मिळाला तो एका वृद्ध क्रीटी सेनापतीच्या जीर्ण स्वेटरचा. त्यांतून डिसेंबरांत एक भरतकामाचा नमुना सिद्ध झाला. जर्मनांनीं तो कौतुकानें छावणींत मांडला. परंतु त्याच्या चौकटींतील ठिपके व रेघा म्हणजे मोर्सची तारायंत्री लिपि होती. तींत इंग्लंडच्या राजासाठीं प्रार्थना होती, आणि हिटलरला सणसणीत शिवी! पहारेकऱ्यांपैकीं कोणासहि ती उमगली नाहीं.

रेडक्रॉसनें आपले प्राण वांचविले, पण बुद्धि ठिकाणावर राखली ती भरतकामानें, असें ते पुढें म्हणत. सुटकेनंतरहि त्यांचा हा छंद सुटला नाहीं; १९९० सालीं ते वारले.

कैदेचे किती दिवस उरले हें बंदिवानास मोजतां येत नाहीं. टाके मोजतां येतात. हा छंद जन्मभर कां जडतो, याचें मर्म आम्हांस येथेंच दिसतें.