व्यस्त परासरण : पूर्वप्रक्रिया
व्यस्त परासरण (आरओ) पटलावर जाण्याआधी पाण्यातील गाळ, क्षार, जंतू व क्लोरीन आटोक्यात आणणारी प्रक्रिया. १९६० च्या सुमारास लोब व सुरीराजन यांनी बनवलेले सेल्युलोज ॲसिटेटाचे पटल थोडे क्लोरीन सोसत असे. नंतरच्या पॉलिअमाइड पटलाला (पहा : पॉलिअमाइडे) ते मारक ठरते. म्हणून वाळूची गाळणी व ५ मायक्रॉनचे काडतूस यांच्या जोडीला सक्रियित कार्बन किंवा सोडियम बायसल्फाइट लागते. क्लोरीन काढल्यावर जंतू वाढून पटलावर बुळबुळीत थर बसतो, हा आक्षेप खराच. पण तो थर बऱ्याच अंशी धुता येतो, क्लोरीनने बिघडलेले पटल मात्र बदलावेच लागते. कठीण पाण्यातील कॅल्शियमाची पुटे प्रतिबंधक रसायनाने रोखतात (पहा : पाण्याचा कठीणपणा). गाळाची कसोटी ०·४५ मायक्रॉनच्या गाळणपटलावर साधारण १५ मिनिटे पाणी सोडून घेतात. या कसोटीतून मिळणारा गाळाचा निर्देशांक ५ च्या आत, शक्यतो ३ च्या खाली असावा.