सेलवरचा खेळ : विटा परिसरातून दिसणारा हातातील व्हिडिओ गेमचा इतिहास

हातात मावणारा, स्वतःचा पडदा आणि बटणे असलेला, सेलवर चालणारा व्हिडिओ गेम, ज्याला व्यापारी परिभाषेत हँडहेल्ड कन्सोल म्हणतात, त्याचा इतिहास बहुधा जपानी आणि अमेरिकी कंपन्यांच्या चढाओढीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. सांगली जिल्ह्यातील विट्यासारख्या तालुक्याच्या गावातून त्याच काळाकडे पाहिले, तर चित्र बरेच बदलते. कारण जगभर गाजलेली यंत्रे या बाजारपेठेत फारशी आलीच नाहीत आणि जी घरोघरी पोहोचली, त्यांच्या निर्मात्यांची नावे त्या इतिहासात तळटिपेलाही सापडत नाहीत. या फरकाचे कारण येथील मुलांच्या अभिरुचीत शोधण्यापेक्षा वस्तूची किंमत, सेलचा खर्च आणि घरातील विजेची अवस्था यांत शोधणे अधिक योग्य ठरते.

विटा हे खानापूर तालुक्याचे ठिकाण. हा मुलूख पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात कोरडवाहू शेतीवर भागत नसल्याने गावात यंत्रमाग आले आणि आसपासच्या खेड्यांतील माणसे गलाईच्या धंद्यासाठी बाहेर पडली. गलाई म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचे काम : मोडीचे दागिने किंवा सराफाच्या पेढीतील केरात मिसळलेले धातूचे कण मुशीत, म्हणजे भट्टीतील उष्णता सोसणाऱ्या भांड्यात, वितळवायचे, तेजाबाने त्यातील हीण वेगळे करायचे आणि शुद्ध धातू परत द्यायचा. खानापूर, आटपाडी, तासगाव, कडेगाव या तालुक्यांतील गलाई कारागिरांची कुटुंबे देशभरातील सराफ बाजारांत विखुरलेली आहेत, आणि दिवाळीला, गावच्या यात्रेला किंवा मे महिन्यातील लग्नसराईत ती गावाकडे येतात. शहरातील नवी वस्तू तालुक्याच्या दुकानात मांडली जाण्याआधी अशा घरांतील मुलांच्या हाती दिसावी, हे या स्थलांतराचे स्वाभाविक फळ होते.

हातातील खेळयंत्रांचा उगम मात्र १९७०च्या दशकातील गणकयंत्रांत, म्हणजे कॅल्क्युलेटरमध्ये आहे. मॅटेल कंपनीचा ‘ऑटो रेस’ हा १९७६ सालचा खेळ पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक असा पहिला हातातील खेळ मानला जातो. त्यात मोटारी म्हणजे लाल प्रकाशाचे ठिपके होते. १९७९ साली मिल्टन ब्रॅडली कंपनीने ‘मायक्रोव्हिजन’ बाजारात आणले, ज्यात खेळ बदलण्यासाठी कॅसेट बदलता येत असे, पण १६ गुणिले १६ ठिपक्यांच्या पडद्यावर रंगवावे असे फार थोडे होते. पुढच्याच वर्षी निन्टेंडो या क्योतोतील कंपनीने ‘गेम अँड वॉच’ ही मालिका सुरू केली. तिचा कर्ता गुनपेई योकोई हा १९६५ साली या कंपनीत यंत्रांच्या देखभालीसाठी लागलेला अभियंता. आगगाडीत कॅल्क्युलेटरची बटणे दाबत वेळ घालवणारा एक प्रवासी पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. त्याचे सूत्र असे होते की, तंत्रज्ञान नवे असण्याची गरज नाही. जे जुने, स्वस्त आणि खात्रीचे झाले आहे, त्याचाच अनपेक्षित ठिकाणी वापर करावा. पेढीच्या केरातून सोने काढणाऱ्या गलाई कारागिराला ही दृष्टी समजावून सांगावी लागली नसती.

योकोई आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली ‘गेम बॉय’ घडवला, तोही याच सूत्रावर. त्याचा पडदा हिरवट होता, त्यावर राखाडीच्या चारच छटा उमटत आणि पडद्याला मागून उजेड नसल्याने संध्याकाळ झाली की खेळणाऱ्याला दिव्याखाली सरकावे लागे. त्याच वर्षी आलेला अटारीचा ‘लिंक्स’ आणि पाठोपाठ १९९० सालचा सेगाचा ‘गेम गिअर’ हे दोन्ही रंगीत आणि उजळ पडद्याचे होते. तथापि गेम बॉय चार पेन्सिल सेलवर पंधरा तासांहून अधिक चाले, तर या प्रतिस्पर्ध्यांना सहा सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत उतरत. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक नग खपले. गेम गिअर सुमारे एक कोटीवर थांबला. चित्र सुंदर असावे असे खेळणारा म्हणतो, पण सेल स्वतःच्या पैशाने आणायची वेळ आली की त्याचे मत बदलते, हे येथे प्रथम स्पष्ट झाले.

भारतात मात्र ही चढाओढ दुकानांत दिसलीच नाही. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर दीर्घकाळ निर्बंध होते, निन्टेंडोचे नियमित विक्रीजाळे नव्हते, आणि मूळ गेम बॉय हवा असेल तर परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाचे सामान किंवा मुंबईतील मनीष मार्केटसारखी ठिकाणे एवढीच वाट होती. १९९०च्या दशकात मध्यमवर्गीय घरांत पसरला तो दूरचित्रवाणीला जोडायचा ‘टीव्ही गेम’, जो बहुतांशी निन्टेंडोच्या जुन्या घरगुती यंत्राची नक्कल होता आणि ज्याच्या पिवळ्या-काळ्या कॅसेट भाड्याने मिळत. पण टीव्ही गेमला वीज लागते, आणि घरातला एकमेव दूरचित्रवाणी संच मोकळाही असावा लागतो. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने जे तासन्‌तासांचे भारनियमन सोसले, त्यात यंत्रमागाचा खडखडाट थांबला की टीव्ही गेमही थांबणे क्रमप्राप्त होते.

ही जागा भरून काढली ती ब्रिक गेमने. चिनी कारखान्यांत बनलेला, निर्मात्याचे नाव क्वचितच असलेला हा खेळ १९९०च्या दशकात भारतात आला आणि १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरील उरलेले संख्यात्मक निर्बंध उठल्यावर अशा मालाची वाट अधिक मोकळी झाली. स्टेशनरीची दुकाने, आठवडी बाजार आणि यात्रेतील खेळण्यांचे पाल ही त्याची विक्रीकेंद्रे. त्याचा पडदा म्हणजे आडवी दहा आणि उभी वीस घरे, एकूण दोनशे चौकोन. प्रत्येक चौकोन एक तर काळा, नाही तर कोरा. या दोनशे चौकोनांतून वरून पडणाऱ्या विटा, मोटारींची शर्यत, रणगाडे आणि साप हे सगळे खेळ उभे केलेले असत. विटांचा मूळ खेळ ‘टेट्रिस’ हा १९८०च्या दशकाच्या मध्यास मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव्ह या संगणकतज्ज्ञाने रचला होता, पण ब्रिक गेमच्या खोक्यावर त्याचे नाव नसे. त्याऐवजी ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे, जी शुद्ध थाप होती : खेळ मोजकेच, आणि त्यांच्या वेगाच्या व पायऱ्यांच्या जोड्या मोजून आकडा फुगवलेला. मुलांना हे पहिल्या दोन दिवसांत कळे आणि त्यांचे त्यावाचून अडतही नसे.

या यंत्राविषयी खेळणाऱ्यांचे मत कोणी नोंदवून ठेवले नाही. तरी त्याच्या रचनेवरून ते बरेचसे बांधता येते. दोन पेन्सिल सेलवर ते कित्येक दिवस चाले, कारण पडद्याला उजेड नव्हता आणि आवाज म्हणजे एक पीं-पीं होती, जी बटणाने बंद करता येई. रात्री पांघरुणात खेळणाऱ्यांसाठी ती सोय मोलाची होती. दोष म्हणाल तर बटणांचा. प्रत्येक बटणाखाली रबराची एक टोपी आणि तिच्या पोटाला कार्बनची काळी टिकली असते. बटण दाबले की ती टिकली आतल्या सर्किटच्या पाटीवरील दोन तांब्याच्या रेषा जोडते. सतत दाबून ही टिकली झिजे, तिथे घामाची मळी बसे, आणि मग वीट फिरवायचे बटण तीनदा दाबावे तेव्हा एकदा लागे. मागचे स्क्रू काढून कापसाने पाटी पुसणे आणि टिकलीवर पेन्सिलीचे शिसे घासणे हा त्यावरचा रूढ उपाय होता, आणि शिसे म्हणजे मुळात ग्रॅफाइट, अर्थात विद्युतवाहक कार्बनच असल्याने तो काही दिवस लागूही पडे. महागड्या जपानी यंत्रापेक्षा हे स्वस्त चिनी यंत्र येथे सरस ठरले, असा निर्वाळा म्हणूनच देता येतो : ते फुटले तरी घरात कोणी फार रागावत नसे.

ब्रिक गेमला बाजूला सारले ते कोणत्याही कन्सोलने नव्हे, तर नोकियाने. तानेली आर्मान्तो याने लिहिलेला सापाचा गेम १९९७ च्या अखेरीस नोकिया ६११० या फोनमध्ये आला. २००३ सालच्या ११०० या मॉडेलने तो खेड्यांपर्यंत नेला. धूळ न शिरणारी बटणे आणि विजेरी (टॉर्च) असलेला हा फोन विकसनशील देशांसाठीच आखलेला होता आणि जगभरात २५ कोटींच्या आसपास खपला. मुलांच्या दृष्टीने त्यात एकच उणीव होती : यंत्र वडिलांचे होते. त्याच कंपनीने त्याच वर्षी खास खेळणाऱ्यांसाठी काढलेला ‘एन-गेज’ मात्र सपशेल पडला; त्यातील खेळ बदलायचा तर मागचे झाकण आणि बॅटरी काढावी लागे.

सोनीचे ‘पीएसपी’ हे २००४ साली जपानमध्ये निघालेले यंत्र भारतात रीतसर विकले गेले, आणि त्याच्यासाठी येथील स्टुडिओंनी खेळही बनवले. मुंबईच्या ट्राइन गेम्सचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ हा गल्ली क्रिकेटचा खेळ त्यांपैकी एक. पीएसपीचा वारस २०१२ च्या फेब्रुवारीत भारतात आला आणि त्याचे नाव होते ‘प्लेस्टेशन व्हिटा’. विटेकरांना या नामसाम्याची गंमत वाटावी, पण त्यापलीकडे गावाचा आणि यंत्राचा संबंध जुळला नाही. पाच इंची ओलेड पडदा, दोन्ही अंगठ्यांसाठी दोन दांड्या, पाठीमागे स्पर्श ओळखणारी पाटी, असे सारे काही त्यात उत्तम होते. फक्त खेळ साठवायला सोनीचेच खास मेमरी कार्ड लागे, जे बाजारातील साध्या कार्डाच्या कितीतरी पट महाग पडे. इतके चांगले यंत्र इतक्या क्षुद्र लोभापायी वाया गेल्याचे दुसरे उदाहरण या इतिहासात क्वचितच सापडेल. २०१९ साली त्याचे उत्पादन थांबले. तोवर २०१६ नंतरच्या स्वस्त डेटामुळे स्मार्टफोन हेच सर्वांचे खेळयंत्र झाले होते, आणि तो इतिहास वेगळा आहे.

उरतो प्रश्न जुन्या यंत्रांच्या शेवटाचा, आणि येथे विट्याचा वारसा पुन्हा समोर येतो. कॅसेटच्या कडेला जे पिवळे दात दिसतात, त्यांवर अनेकदा सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो, कारण सोने गंजत नाही आणि वर्षानुवर्षे संपर्क चांगला राहतो. तेजाबाने ते सोने सुटते, हे गलाई जाणणाऱ्याला सांगावे लागत नाही. परंतु पाटीत शिसे आणि इतर विषारी द्रव्येही असतात, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या अनुसूचीत हातातील व्हिडिओ गेमचा नावानिशी समावेश असल्याने त्याच्या पुनर्चक्रणाचे काम नोंदणीकृत केंद्रांनीच करायचे आहे. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिल्या आलेल्या विट्याला कचरा वेगळा करण्याची शिस्त नवी नाही. ज्यांना जुना ब्रिक गेम टाकायचा नसून जपायचा आहे, त्यांनी तरी आधी त्यातले सेल काढून ठेवावेत. झिरपलेल्या सेलचा क्षार आतल्या पत्र्याच्या पट्ट्या खाऊन टाकतो आणि मग पेन्सिलीच्या शिशानेही काही साधत नाही.