इंदापूरची मोजणी आणि मनाची फसवणूक

पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवण मागे पडले की थोड्याच अंतरावर डाळज लागते. महसुली दप्तरात या नावाची क्रमांकवार गावे आहेत. डाव्या हाताला उजनीचा फुगवटा पसरलेला असतो आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांस ऊस उभा असतो. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. त्यापूर्वी इंदापूर तालुक्याची ओळख ज्वारी-बाजरीचा अवर्षणग्रस्त मुलूख अशीच होती. खरे आणि खोटे यांविषयी आपण बहुधा नीतिशास्त्राच्या पुस्तकात वाचतो. परंतु याच तालुक्याच्या इतिहासाने त्याचा एक धडा शेतांच्या बांधांवर लिहून ठेवला आहे. तो वाचकांपुढे मांडावा, असे आम्हांस वाटते.

1818 मध्ये पेशवाई संपली आणि हा प्रदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला. शेतसारा किती घ्यावा, हा नव्या राज्यकर्त्यांपुढील पहिला प्रश्न होता. तो सोडविण्याचे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे आले. इंग्लंडमधील हेलीबरी महाविद्यालयात माल्थसच्या हाताखाली तो अर्थशास्त्र शिकला होता. त्याची योजना कागदावर निर्दोष होती. प्रत्येक शेत मोजावे, मातीची प्रतवारी करावी, उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करावा आणि जे निव्वळ उरेल त्याचे 55 टक्के सरकारने घ्यावे. यात मनमानीला जागा नव्हती. सर्व काही हिशेबाने ठरणार होते.

1830 च्या सुमारास हे दर लागू झाले आणि काही वर्षांतच अनर्थ ओढवला. मोजणी सदोष होती आणि उत्पन्नाचे अंदाज तर निरुपयोगाहूनही वाईट ठरले. सारा वसूल करण्यासाठी रयतेचा शारीरिक छळ झाला, असंख्य कुटुंबे घरदार टाकून शेजारच्या संस्थानांत पळाली आणि काही भागांत लागवडीयोग्य जमिनीपैकी एकतृतीयांशाहून अधिक जमीन कसणारे कोणी उरले नाही. हा कोणा विरोधकाचा आरोप नव्हे. खुद्द मुंबई सरकारनेच 1872-73 च्या प्रशासकीय अहवालात ही कबुली दिली आहे.

येथे खोटे कोण बोलले, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. हाताखालच्या मोजणीदारांनी चुका केल्या, लबाडीही केली. उत्पन्न खरे सांगितले तर सारा वाढेल, हे भय ज्याच्या मानेवर आहे, त्या शेतकऱ्याकडून निखळ सत्याची अपेक्षा करणेही कठीण होते. परंतु प्रिंगल स्वतः लबाड नव्हता. तो कष्टाळू आणि हेतूने प्रामाणिक होता. त्याचा दोष निराळा होता. आपले गणित बरोबर आहे, म्हणून त्यात भरलेले आकडेही बरोबरच असणार, असे त्याने धरून चालले. आणाआणा जुळलेला हिशेब पाहून मन निःशंक होते आणि शेतापर्यंत जाऊन पाहण्याची गरज त्याला वाटेनाशी होते. आत्मवंचना म्हणतात ती हीच. तीत दुसऱ्याला फसविण्याचा हेतू नसतो, परंतु तिची किंमत मात्र दुसराच मोजतो.

ही चूक दुरुस्त करण्याची सुरुवातही इंदापुरातच झाली. 1835 मध्ये हेन्री गोल्डस्मिड आणि अभियंता दलातील लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी येथे नव्याने मोजणी हाती घेतली. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा सिद्धांत बाजूस ठेवला. जमिनीचा रंग आणि खोली पाहून तिच्या नऊ प्रती ठरविल्या व त्यांचे मोल आण्यांत मांडले. गावाने मागील वर्षांत प्रत्यक्षात किती सारा भरला आणि बाजारपेठ किती दूर आहे, हेही पाहिले. 1836 पासून उतरलेले दर तीस वर्षांसाठी कायम झाले आणि पडीक रान पुन्हा नांगराखाली आले. ज्यास आपण सर्व्हे नंबर म्हणतो, तो याच पद्धतीचा वारसा होय. आपल्याला नेमके कळू शकत नाही ते कळल्याचा आव आणायचा नाही, एवढा विनय या दोघांनी दाखविला. तेवढ्यानेही गावे पुन्हा वसली.

परंतु सत्य एकदा सापडले म्हणजे कायमचे हाती राहते, असे नाही. तीस वर्षे संपली आणि 1867 मध्ये इंदापूरचे दर पुन्हा ठरले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात कापसाचे भाव गगनाला भिडले होते. ही तेजी टिकणार, असे सरकारने मानले आणि सारा बराच वाढविला. सावकारांनी तेच मानून कर्जे दिली आणि शेतकऱ्यांनी तेच मानून ती घेतली. भाव कोसळले तेव्हा तिघांचाही भ्रम फिटला. पण जमीन गेली ती एकाचीच.

12 मे 1875 रोजी सुपे येथे, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यात, बाजारासाठी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. त्यांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, तर खतपत्रांवर आणि वह्यांवर होता. त्या कागदांत काय लिहिले आहे, हे निशाणी करणाऱ्यास वाचता येत नव्हते आणि न्यायालय मात्र कागदालाच सत्य मानीत होते. दंग्याचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. चौकशी आयोग बसला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. या कायद्याने न्यायाधीशास खताच्या पलीकडे जाऊन व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. सही खरी असूनही कागद खोटा असू शकतो, हे त्यामुळे कायद्यानेच मान्य केले. पुढे न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिले.

आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करते. ती आपण लहानपणी पाठ करतो आणि मोठेपणी स्वतःस निर्दोष समजतो. कारण न्यायालयात उभे राहून खोटे बोलण्याचा प्रसंग आपल्यावर सहसा येत नाही. परंतु न पाहता लिहिलेला आकडा हीदेखील साक्षच असते. हे लिहिताना आमचे आम्हांस आठवते. एका धर्मग्रामात असताना वार्षिक अहवालातील कुटुंबांची संख्या आम्ही मागील वर्षाच्या अहवालावरून उतरवून काढीत असू. तीन वर्षे असे चालले. पुढे एका पावसाळ्यात घरोघरी गेलो, तेव्हा कित्येक दारांना कुलपे होती. ती माणसे कामासाठी शहरात गेली होती आणि एका घरातील म्हातारी एकटीच मागे राहिली होती. आमच्या अहवालात ती पाच माणसांच्या सुखी कुटुंबात राहत होती. आम्ही कोणाशी खोटे बोललो नव्हतो. फक्त तिच्या दाराशी गेलो नव्हतो.

नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या कोकराची गोष्ट सांगितली, तेव्हा दावीद राजा संतापून न्याय द्यावयास निघाला. तो अपराधी आपणच आहोत, हे त्यास नाथानाने सांगावे लागले. प्रिंगलला सांगणारा नाथान वेळेवर भेटला नाही. मोकळी पडलेली गावेच अखेरीस बोलली. आपल्या घरात, मंडळात किंवा धर्मग्रामात कोणी असा अप्रिय बोल ऐकविला, तर त्यास गप्प बसविण्यापूर्वी एकदा बांधावर जाऊन पाहावे. सत्याची एवढी सेवा आपणा सर्वांच्या आवाक्यात आहे.