रस, गूळ आणि विनय

विनयपिटकाच्या महावग्गातील भेसज्जक्खन्धक हा भाग औषधांची जंत्री म्हणून बाजूस ठेवला जातो. त्रिपिटकाचा अभ्यास करणारे आमचे अनेक उपासकही त्याकडे फारसे वळत नाहीत. वस्तुतः या खंधकात एका अत्यंत व्यावहारिक प्रश्नाचा सविस्तर विचार आढळतो. फळातून किंवा उसातून काढलेला रस किती काळ रसच राहतो, आणि केव्हा तो दुसरे काही होतो? कोल्हापूर परिसरात दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळे सुरू झाली की हाच प्रश्न पंचगंगेच्या दोन्ही तीरांवर रोज विचारला जातो. म्हणून विनयातील कथा आणि गुऱ्हाळातील काहील यांचा येथे एकत्र विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

अंगुत्तराप जनपदातील आपण या गावी केणिय नावाचा जटिल राहत असे. श्रमण गोतम मध्यान्हानंतर भोजन करीत नाहीत, हे त्यास ठाऊक होते. पूर्वीचे ऋषीही विकाळी भोजन करीत नसत, पण काही पेये घेत असत, असा विचार करून त्याने पुष्कळ पेये सिद्ध केली व कावडींतून भगवंतांकडे नेली. या प्रसंगी आठ पेयांना अनुज्ञा मिळाली : आंबा, जांभूळ, बी असलेली केळी, बिनबियांची केळी, मोह, द्राक्षे, कमळकंद आणि फालसा. पुढे सर्व फळांच्या रसांस मान्यता मिळाली, धान्याच्या रसास मात्र नाही. सर्व फुलांच्या रसांस मिळाली, परंतु मोहाच्या फुलाच्या रसास नाही. उसाच्या रसास स्वतंत्रपणे अनुज्ञा मिळाली. मोहाचे फूल का वगळले असावे, हे विदर्भातील आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

पाचव्या शतकात सिंहलद्वीपात अट्ठकथा सिद्ध करणाऱ्या भदंत बुद्धघोषांच्या परंपरेत आम्रपानाची कृतीही सांगितली आहे. कच्चे आंबे ठेचून पाण्यात घालावेत, उन्हात तापवावेत, गाळून घ्यावेत व त्यात मध, साखर, कापूर मिसळावा. ही पेये थंड पाण्यात केलेली किंवा सूर्याच्या उष्णतेने सिद्ध झालेली चालतात, अग्नीवर शिजविलेली चालत नाहीत. अशा पेयास यामकालिक म्हटले आहे. स्वीकारल्यानंतर पुढील अरुणोदयापर्यंतच ते घेता येते.

ही मर्यादा आजच्या ज्ञानाशी ताडून पाहण्याजोगी आहे. न तापविलेल्या रसात फळाच्या सालीवरील यीस्ट व जिवाणू येतातच. उष्ण प्रदेशात त्यांना साखर, पाणी आणि ऊब ही तिन्ही एकाच भांड्यात मिळतात. काही तासांत रस आंबू लागतो, त्यात मद्यार्क उतरतो आणि पुढे आम्ल. विनयकारांस सूक्ष्मजीव ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. पण रात्रभर ठेवलेला रस सकाळी काय होतो, हे त्यांनी पाहिलेले होते.

याच सीमारेषेवरून संघात मोठा वादही झाला. महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीच्या वज्जिपुत्र भिक्षूंनी ज्या दहा गोष्टी विहित मानल्या होत्या, त्यांत 'जलोगि' ही एक होती. जलोगि म्हणजे मद्य होण्याच्या वाटेवर असलेला, परंतु अद्याप मद्य न झालेला द्रव. यश काकंडकपुत्र स्थविरांनी आक्षेप घेतला, सातशे भिक्षूंची संगीती भरली, आणि सर्वकामी स्थविरांनी जलोगि विहित नाही असा निर्णय दिला. सोने-रुपे स्वीकारण्याचा मुद्दा इतिहासकारांना अधिक महत्त्वाचा वाटतो व ते योग्यच आहे. तरीही अर्धवट आंबलेल्या रसावर सातशे भिक्षूंनी विचार करावा, यावरून हा विषय किरकोळ मानला जात नव्हता हे दिसते. नीरा आणि ताडी यांतील अंतर जाणणाऱ्यांना त्याचे मर्म सहज कळेल.

आता उसाकडे वळू. उसाचा रस फळांच्या रसाहूनही नाजूक. ऊस तोडल्यापासूनच त्यातील साखरेचे विघटन सुरू होते आणि गाळलेला रस काही तासांत चिकट व आंबट होऊ लागतो. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत घाण्याला लागला पाहिजे, हे गुऱ्हाळवाले कटाक्षाने पाळतात. रस काहिलीत आला की चुलवाणात चिपाडांचा जाळ लागतो. जाळ राखणारा जळव्या आणि पाक ओळखणारा गुळव्या या दोघांवर सारे आधण अवलंबून असते. रसात चुन्याची निवळी घालतात, त्यामुळे आम्लता कमी होते व साखरेचे विघटन मंदावते. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातला की मळी एकवटून वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकता येते. तापमान ११८ ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की काहील उतरवितात. गुळव्याला तापमापक लागत नाही. थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकून तो गोळी पाहतो. शंभर किलो उसातून साधारण दहा ते बारा किलो गूळ हाती येतो. बाकी बहुतेक पाणी, आणि ते पाणी गेल्यामुळेच तासांत नासणारा रस महिनोन्महिने टिकणारा गूळ होतो.

गूळ टिकतो, मग विनयात त्याला सातच दिवसांची मर्यादा का? तूप, लोणी, तेल, मध व गूळ ही पाच सप्ताहकालिक भेषजे होत. सात दिवसांत गूळ नासतो असे कोणी म्हणणार नाही. उत्तर पिलिंदवच्छ स्थविरांच्या कथेत आहे. उपासकांनी त्यांना ही भेषजे विपुल दिली. त्यांच्या सहवासातील भिक्षूंनी ती मडक्यांत, घागरींत भरून ठेवली, पिशव्यांत घालून खिडक्यांत टांगली. भांडी पाझरू लागली, विहारात उंदीर माजले, आणि राजा बिंबिसाराच्या कोठारासारखे हे श्रमण साठा करतात अशी लोक निंदा करू लागले. तेव्हा सात दिवसांचा नियम झाला. म्हणजे रसाची मर्यादा रसाच्या स्वभावातून आली, तर गुळाची माणसाच्या संग्रहबुद्धीतून. हा भेद स्पष्ट न करता विनयातील प्रत्येक नियमामागे आरोग्यशास्त्र शोधण्याची जी प्रवृत्ती दिसते, ती आम्हांस मान्य नाही.

गुळाविषयीची आणखी एक कथा आम्हांस विशेष मोलाची वाटते. आयुष्मान कंखारेवत श्रावस्तीहून राजगृहाकडे जात असता वाटेत त्यांनी गूळ तयार होताना पाहिला. करणारे गुळात पीठ व राख टाकीत होते. पीठ म्हणजे अन्न, मग असा गूळ विकाळी कसा चालेल, या शंकेने त्यांनी व त्यांच्या अनुयायांनी गूळ खाणे सोडले. गोष्ट भगवंतांपर्यंत गेली. भगवंतांनी प्रथम विचारले : हे कशासाठी टाकतात? गूळ घट्ट व्हावा म्हणून, असे उत्तर आले. त्यासाठी टाकत असतील आणि त्यास गूळच म्हटले जात असेल, तर तो गूळच होय, असा निर्णय मिळाला. त्यानंतर अंधकविंदाहून राजगृहाकडे जाणाऱ्या भगवंतांना पाचशे गाड्या गुळाची मडकी घेऊन निघालेला बेलट्ठ कच्चान भेटला. त्याच्या दानानंतर राजगृहात गूळ विपुल झाला आणि आजाऱ्यास गूळ, निरोग्यास गुळाचे पाणी अशी अनुज्ञा झाली. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गूळ-पाणी ठेवणाऱ्या आपल्या घरांना हे अपरिचित वाटू नये.

कोल्हापूर आणि बौद्ध संघ यांचा संबंध जुना आहे. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीजवळ १८७७ साली स्तूपाचे अवशेष व स्फटिकाचा अस्थिकरंडक मिळाला. त्याच्या दगडी पेटीवरील ब्राह्मी लेखात बम्ह याचे दान व धमगुताने ते करविल्याची नोंद आहे. गुळाच्या पेठेचा इतिहास मात्र अलीकडचा. १८९१ साली मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि १८९५ साली राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसविली. जड, नाशवंत माल दूरच्या बाजारापर्यंत पावसाळ्यापूर्वी पोहोचू लागला. कोल्हापुरी गुळास २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

याच शाहू महाराजांच्या कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले, तेव्हा सवर्ण गिऱ्हाईक तिकडे फिरकेना. महाराजांनी स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेतला, ही घटना वाचकांस ठाऊकच आहे. तिचा उल्लेख येथे अप्रस्तुत नाही. भेसज्जक्खन्धकात पेय विहित आहे की नाही हे ठरविताना ते कशाचे आहे, केव्हा केले, त्यात काय व कशासाठी घातले, हे पाहिले जाते. करणाऱ्याची जात कोठेही विचारलेली नाही. आमच्या समाजाने शतकानुशतके याच्या नेमके उलट मोजमाप सोसले. ताज्या चहाला विटाळ होता आणि नासलेल्या पदार्थाला नव्हता, केवळ हात कोणाचा यावरून.

आज गुळासमोर दुसरे मोजमाप उभे आहे, रंगाचे. बाजारात पिवळाधमक गूळ चढ्या भावाने जातो, तांबूस-काळसर गूळ मागे पडतो. म्हणून कित्येक ठिकाणी रसात सोडियम हायड्रोसल्फाइट, गुऱ्हाळाच्या भाषेत 'हायड्रॉस', टाकले जाते. काही जण साखरही मिसळतात. हायड्रॉसने आलेला रंग टिकत नाही. साठवणीत तो उतरतो आणि गंधकाचा अंश मागे राहतो. चुना आणि भेंडीही बाहेरूनच घातलेली असतात, हे खरे. परंतु ती मळी काढण्यासाठी व गूळ टिकण्यासाठी असतात. हायड्रॉस डोळ्यांसाठी असते. कशासाठी टाकतात, हा कंखारेवतांच्या प्रसंगी विचारलेला प्रश्न येथे जसाच्या तसा लागू पडतो.

खरी परीक्षा पावसाळ्यात होते. उसाच्या साखरेचे विघटन होऊन झालेले ग्लुकोज व फ्रुक्टोज हवेतील ओल शोषून घेतात. ढेपेला पाझर फुटतो, ती मऊ पडते, वर बुरशी धरते. शिळ्या उसाचा, कमी कढविलेला किंवा चुना नीट न बसलेला गूळ आधी पाझरतो, मग त्याचा रंग कितीही उजळ असो. कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात उसाच्या जाती, रसाची शुद्धी व साठवण यांवर दीर्घकाळ काम झाले आहे. ऐपत असलेले व्यापारी गूळ शीतगृहात ठेवतात. लहान शेतकऱ्याला ते परवडत नाही, त्यामुळे हंगाम संपण्यापूर्वी मिळेल त्या भावाला विकणे त्याच्या वाट्याला येते. भाव ठरतो तो सौद्याच्या सकाळी, रव्याच्या रंगाकडे पाहून, आणि गूळ पाझरू लागतो तो वर्षावासात, विकणारा व घेणारा दोघेही तेथे नसताना.