सीआरपीची कुळकथा

बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, हातपाय गार लागू लागले, की नवजात विभागात आधी रक्त घेतलं जातं. जंतुसंसर्गाचा पक्का पुरावा म्हणजे ब्लड कल्चर. पण जंतू वाढून दिसायला एक-दोन दिवस लागतात, आणि एवढ्याशा जिवाचं जेमतेम एक मिलिलिटर रक्त मिळतं. म्हणून सोबत सीआरपी ही दाहाची खूण सांगणारी रक्ततपासणी पाठवतात.

या तपासणीचा जन्म मात्र बाळांसाठी झाला नाही. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये, ऑस्वाल्ड एव्हरी यांच्या प्रयोगशाळेत, विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या जंतूंवर काम करत होते. जंतूंपासून वेगळ्या केलेल्या ‘सी’ नावाच्या अंशात आजारी माणसाचं सीरम मिसळलं, की साका धरायचा. रोगी बरा झाला, की त्याच्या सीरमने तो धरेनासा व्हायचा. प्रतिपिंडं बरं होताना वाढतात. इथे सगळं उलट होतं. हा पदार्थ प्रथिन आहे हे 1941 मध्ये सिद्ध झालं आणि त्याला सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हे नाव मिळालं. शरीरात दाह झाला, की यकृत ते भराभर बनवतं.

पुढे सशात तयार केलेलं प्रतिसीरम आणि रोग्याचं सीरम केशनळीत एकत्र करून साक्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजत. नंतर लॅटेक्सची पद्धत आली: काचपट्टीवर दोन थेंब मिसळून हलवायचे आणि गुठळ्या धरतात का पाहायचं.

1980 मध्ये फिलिप आणि ह्युइट या संशोधकांनी नवजात बाळांसाठी सीआरपीला पांढऱ्या पेशींची संख्या, अपक्व पेशींचं प्रमाण, मायक्रो-ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग) यांची जोड दिली. जंतुसंसर्ग हेरणारी आपल्याकडची ‘सेप्सिस स्क्रीन’ याच घराण्यातली.

यकृताला सीआरपी वाढवायला काही तास लागतात, त्यामुळे पहिल्याच तासांतला कमी आकडा बाळ सुखरूप असल्याची ग्वाही देत नाही. अवघड बाळंतपणानेही आकडा चढतो. पण चोवीस तासांच्या अंतराने घेतलेले दोन्ही नमुने नॉर्मल आले, कल्चरही निगेटिव्ह आलं आणि बाळ टवटवीत असलं, तर अँटिबायोटिक थांबवायला डॉक्टरांना भक्कम आधार मिळतो. विनाकारण दिलेलं प्रत्येक इंजेक्शन औषधाला न जुमानणारे जंतू पोसतं. म्हणूनच या तपासणीचं मोठं मोल औषध वेळेवर बंद करता येण्यात आहे.