सोर्स कोडचा बॅकअप

सोर्स कोडचा बॅकअप म्हणजे एखाद्या संगणकीय आज्ञावलीच्या मूळ लिखित स्वरूपाची, ती नष्ट झाल्यास काम पुन्हा उभे करता यावे यासाठी स्वतंत्र ठिकाणी जपलेली प्रत होय. वेब अ‍ॅप्लिकेशनच्या बाबतीत डेटाबेस, वापरकर्त्यांनी अपलोड केलेल्या फाइली आणि सर्व्हरची सेटिंग्ज यांच्याही प्रती ठेवाव्या लागतात. केवळ कोडवरून संकेतस्थळ पूर्ववत होत नाही.

आवृत्ती नियंत्रण आणि बॅकअप

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेल्या गिट या आवृत्ती नियंत्रण प्रणालीत रिपॉझिटरीचा क्लोन घेतला असता सामान्यतः तिचा पूर्वेतिहासही सोबत येतो. त्यामुळे सहकाऱ्यांच्या संगणकांवर प्रती आपोआप तयार होतात. तथापि, कमिट न केलेले बदल त्यांत नसतात. पासवर्ड असलेल्या फाइली सुरक्षिततेसाठी रिपॉझिटरीबाहेर ठेवल्या जातात. त्यांची कूटबद्ध प्रत वेगळी जपावी लागते.

उल्लेखनीय घटना

कोड स्पेसेस ही सोर्स कोड साठवण्याची सेवा देणारी कंपनी होती. जून २०१४ मध्ये खंडणी मागणाऱ्या हल्लेखोराने तिच्या अ‍ॅमेझॉन क्लाउडच्या नियंत्रण पटलात प्रवेश मिळवून बहुतांश डेटा व बॅकअपही पुसून टाकले. मूळ डेटा आणि बॅकअप एकाच पटलाच्या आवाक्यात असल्याने दोन्ही एकदमच गेले आणि कंपनीला व्यवसाय बंद करावा लागला.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली. नियमित बॅकअप आवृत्तीतील विसंगतीमुळे आधीपासूनच अयशस्वी होत होता. मात्र त्याची सूचना कोणापर्यंत पोहोचली नव्हती. सुमारे सहा तासांपूर्वी एका कर्मचाऱ्याने अन्य कामासाठी घेतलेल्या प्रतीवरून डेटाबेस परत उभारण्यात आला. गिट रिपॉझिटरी सुरक्षित राहिल्या. मधल्या सहा तासांतील टिप्पण्या, नवी खाती आदी नोंदी मात्र कायमच्या गेल्या.

पद्धती

'३-२-१' या प्रचलित नियमानुसार तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी ठेवली जाते. 'गिट क्लोन --मिरर' या आज्ञेने सर्व शाखा व टॅगसह प्रत घेता येते, तर 'गिट बंडल' या आज्ञेने संपूर्ण इतिहास एकाच फाइलीत साठवता येतो. किमान एक प्रत वेगळ्या खात्याच्या नियंत्रणाखाली असणे आणि प्रतीवरून प्रकल्प प्रत्यक्ष उभा राहतो की नाही हे ठरावीक काळाने तपासणे आवश्यक मानले जाते.